वजन नसलेला माल

व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला मालाची पहिली ओळख हाताने होते. धान्य मुठीत घ्यावे, कापड चिमटीत धरावे, पितळेचे भांडे बोटाने वाजवून पाहावे, ही सवय आपल्याला कोणी मुद्दाम लावलेली नसते. ती गादीवर बसता-बसता लागते. त्यामुळे जो माल हातात येत नाही, तराजूत चढत नाही, गोदामात जागा अडवत नाही आणि तरीही रोज विकला जातो, त्याच्याविषयी आपल्या मनात थोडा अविश्वास असतो. सॉफ्टवेअर हा असाच माल आहे. आपल्या घरांतील पुढची पिढी त्या व्यवसायात नोकरीला आहे, याचे आपल्याला कौतुक वाटते. परंतु पिढीजात कारखाना चालवणाऱ्याने आपल्या घडीव मालाच्या जोडीला, किंवा त्याच्या जागी, हा अदृश्य माल विकायला घ्यावा काय, या प्रश्नावर बापलेकांचे एकमत झालेले मी फारसे पाहिलेले नाही. गेले वर्षभर हा प्रश्न माझ्यापुढे एका विशिष्ट रूपात उभा आहे: वाद्ये घडवणाऱ्याने सॉफ्टवेअरची वाद्ये करावीत काय?

प्रश्न आला तो नात्यातून. सांगलीत आमचे वाद्यांचे दुकान आहे. वडिलांनी ते हार्मोनियम, तबला, टाळ आणि मृदंग यांवर सुरू केले. माझ्या काळात त्यात इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आले. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, इलेक्ट्रॉनिक तानपुरे आणि तालयंत्रे बनवण्याचा छोटा कारखाना चालवतात. तेथे बारा माणसे कामाला आहेत आणि त्यांपैकी आठ बायका आहेत. त्या डाख लावतात, तारा जोडतात, पेटी बंद करण्यापूर्वी प्रत्येक यंत्राचा स्वर तपासतात. भाची संगणक अभियंता आहे, स्वतः सिंथेसायझर वाजवते. तिचे म्हणणे असे, की दहा वर्षांनी ही पेटी कोणी घेणार नाही. आताच कारखान्याने सॉफ्टवेअरकडे वळावे. दाजींचे म्हणणे असे, की ज्या मालाला हात लावता येत नाही त्याची हमी कशी द्यायची, आणि या आठ जणींना काय सांगायचे? दोघांनीही आपापली बाजू मांडून झाल्यावर भाची म्हणाली, "मामा, तुम्ही चाळीस वर्षे हाच माल विकताय. तुम्हीच काय ते सांगा."

मत देण्याआधी आपला स्वार्थ सांगून टाकावा, ही आपल्या पेढीवरची जुनी रीत. माझा स्वार्थ उघड आहे. दाजींची पेटी विकली गेली तर माझ्या दुकानाला कमिशन मिळते. त्यांचे सॉफ्टवेअर विकले गेले तर गिऱ्हाईक ते घरी बसून फोनवर उतरवून घेईल आणि माझ्या दुकानाची पायरीही चढणार नाही. म्हणजे मी 'नको' म्हटले तर त्यात माझा फायदा आहे. म्हणूनच मनाला येईल ते मत देण्याऐवजी, जगात ज्यांनी हा रस्ता आधी तुडवला त्यांचे काय झाले हे पाहावे, असे मी ठरवले. भाचीने वाचायला पुष्कळ दिले, काही मी माझ्या कंपनी-प्रतिनिधींकडून वर्षानुवर्षे ऐकत आलो होतो. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो. कारण उद्या हाच प्रश्न औषधे, पुस्तके किंवा यंत्रांचे सुटे भाग करणाऱ्या घरातही निराळ्या वेषात येईल.

आधी वस्तूची ओळख. सिंथेसायझर म्हणजे तार, कातडे किंवा फुंकर यांच्याशिवाय, विजेच्या कंपनांतून स्वर निर्माण करणारे वाद्य. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील ट्रुमन्सबर्ग या लहानशा गावी रॉबर्ट मूग यांनी १९६४ साली आपला सिंथेसायझर तयार केला. तो कपाटाएवढा होता. १९७० साली त्याचे बगलेत मारून नेण्याजोगे रूप 'मिनीमूग' या नावाने आले. पुढे जपानच्या रोलँड, कोर्ग आणि यामाहा या कंपन्यांनी हा धंदा जगभर नेला. पंचवीस-तीस वर्षे हा व्यवहार आपल्याला समजेल असाच होता: कारखान्यात घडवा, खोक्यात भरा, दुकानात पाठवा.

मग संगणक आला. जर्मनीतील हॅम्बर्ग येथील स्टाइनबर्ग या कंपनीने १९९६ साली संगणकावरच्या ध्वनिमुद्रणाच्या प्रणालीत बाहेरची छोटी प्रणाली बसवण्याची सोय केली आणि तिचा नमुना सर्वांना खुला ठेवला. १९९९ साली त्याच सोयीने त्या छोट्या प्रणालीत संपूर्ण वाद्य बसवता येऊ लागले. यालाच प्लगइन म्हणतात. भिंतीवरच्या विजेच्या बोर्डात जशी कोणत्याही कंपनीची पिन बसते, तसे कोणत्याही कारागिराचे वाद्य त्या मुख्य प्रणालीत बसू लागले. कपाटाएवढे यंत्र आता पडद्यावरचे चित्र झाले. त्यातील खटके माऊसने फिरवायचे आणि स्वर मात्र ओळखीचा ऐकू यायचा. वाद्यनिर्मात्यांपुढे खरा प्रश्न उभा राहिला तो येथे.

यावर निरनिराळ्या घराण्यांनी निरनिराळी उत्तरे दिली.

रोलँडचे पाहा. ओसाका येथे इकुतारो काकेहाशी यांनी १९७२ साली सुरू केलेली ही कंपनी. तिने १९८० साली ८०८ क्रमांकाचे तालयंत्र आणि १९८१ साली ३०३ क्रमांकाचे खर्जाचे यंत्र काढले. दोन्ही काही वर्षांतच बंद करावी लागली. ३०३ तर दुकानांत पडून राहिले. पुढे जुन्या बाजारात कवडीमोलाने घेतलेल्या याच यंत्रांवर शिकागोच्या तरुणांनी नृत्यसंगीताची नवी तऱ्हा उभी केली आणि त्यांचे भाव आकाशाला भिडले. आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे, त्याही आधी, १९८२ साली, मुंबईच्या चित्रपटसंगीतातील वादक चरणजित सिंग यांनी याच दोन यंत्रांवर आणि रोलँडच्याच ज्युपिटर-८ या सिंथेसायझरवर दहा रागांची ध्वनिमुद्रिका केली होती. तेव्हा ती फारशी कोणी ऐकली नाही. २०१० साली ती पुन्हा प्रसिद्ध झाली आणि जगाने तोंडात बोट घातले.

मुद्दा असा, की या यंत्रांची मागणी पुन्हा वाढली तेव्हा रोलँड ती बनवत नव्हती. स्वीडनमधील प्रॉपेलरहेड या छोट्या कंपनीने १९९७ च्या सुमारास 'रीबर्थ' नावाची प्रणाली काढली आणि तिच्यात या जुन्या यंत्रांचा आवाज संगणकावर जिवंत केला. ती लोकांनी उचलून धरली. पुढे २०१७ साली रोलँडने आपला हक्क सांगितल्यावर रीबर्थचे आयपॅडवरचे रूप मागे घेतले गेले. रोलँडनेही दरम्यान 'रोलँड क्लाउड' या नावाने वर्गणीवर प्लगइन द्यायला सुरुवात केली आणि आज त्यांत ८०८ व ३०३ ही दोन्ही आहेत. ज्या आवाजाचे श्रेय आपले, त्याची पहिली वीस वर्षांची विक्री दुसऱ्याच्या वहीत गेली, असा याचा हिशोब निघतो. शेतमालक पेरणी करीत नाही म्हणून रान मोकळे राहत नाही; त्यात कोणीतरी काहीतरी पेरतेच.

दुसरे घराणे कोर्गचे. दाजींना सांगण्यासारखी गोष्ट मला याच घराण्यात सापडली, कारण त्याची सुरुवात दाजींसारखीच आहे. टोकियोतील त्सुतोमु कातो आणि अ‍ॅकॉर्डियनवादक तादाशी ओसानाई यांनी १९६२ साली ही कंपनी काढली आणि दुसऱ्याच वर्षी तिचा पहिला माल बाजारात आला. तो होता तालयंत्र! साथीला तालवादक नसला तर वाजवणाऱ्याने काय करावे, या गरजेतून ती पेटी निघाली होती. १९७८ साली त्यांनी एमएस-२० नावाचा सिंथेसायझर काढला. त्याच्या तोंडावर तारा इकडून तिकडे जोडायची भोके होती. तारा जोडाल तसा आवाज बदलायचा. १९८३ च्या सुमारास तो बंद झाला.

कोर्गने २००४ साली आपल्या जुन्या वाद्यांचा एक सॉफ्टवेअर-संच काढला. त्यात एमएस-२० होताच. परंतु व्यापाऱ्याने लक्षात घ्यावी अशी गोष्ट त्या खोक्यात आणखी होती. सॉफ्टवेअरसोबत त्यांनी एमएस-२० च्याच रूपाचा, आकाराने लहान, खऱ्या तारा जोडता येतील असा फलक दिला. आवाज संगणकात तयार होणार, पण हात मात्र ओळखीच्या खटक्यांवर फिरणार. २०१० साली तेच वाद्य आयपॅडवर आले. आणि २०१३ साली काय केले? मूळ वाद्य घडवणाऱ्या अभियंत्यांच्या मार्गदर्शनाखाली एमएस-२० पुन्हा खरे यंत्र म्हणून, थोड्या लहान आकारात, सुमारे ६०० डॉलरला बाजारात आणले. ते हातोहात खपले. मधल्या नऊ वर्षांत सॉफ्टवेअरमधून ज्या हजारो तरुणांना त्या आवाजाची गोडी लागली होती, त्यांतले कित्येक आता खऱ्या यंत्राचे गिऱ्हाईक झाले, असे मी त्यावरून समजतो. सॉफ्टवेअर आले की यंत्र मेलेच, ही दाजींची भीती निदान या घराण्यात खरी ठरली नाही.

तिसरे उदाहरण भाचीला ऐकवण्याचे. डेव्ह स्मिथ हे कॅलिफोर्नियातील नामांकित वाद्यनिर्माते. त्यांचा प्रॉफेट-५ हा सिंथेसायझर १९७८ चा. निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे एकमेकांशी बोलू शकतील अशी 'मिडी' ही सर्वमान्य पद्धत १९८३ साली रूढ झाली, तीही त्यांच्या आणि काकेहाशींच्या पुढाकाराने. दोघांना त्यासाठी २०१३ साली तांत्रिक ग्रॅमी मिळाले. त्यांची स्वतःची कंपनी १९८७ साली यामाहाकडे गेली. पुढे स्मिथ सॉफ्टवेअरकडे वळले आणि १९९७ साली त्यांच्या देखरेखीखाली 'रिअ‍ॅलिटी' नावाचा सिंथेसायझर निघाला. व्यावसायिक दर्जाच्या पहिल्यावहिल्या सॉफ्टवेअर-सिंथेसायझरांत त्याची गणना होते. म्हणजे या रस्त्यावर सर्वांच्या आधी पाऊल टाकणारा हा माणूस. आणि तोच २००२ साली नवी कंपनी काढून पुन्हा खटके-बटणांची, लाकडी कडांची, हातात धरायची वाद्ये बनवू लागला आणि २०२२ साली मृत्यू येईपर्यंत तेच करीत राहिला. रस्ता नवा आहे म्हणून तो आपल्यालाच जमेल असे नाही, आणि परत फिरण्यात कमीपणाही नाही.

याच्या उलट दिशेने आलेले लोकही आहेत. फ्रान्समधील ग्रनोबल येथे १९९९ साली सुरू झालेली आर्टुरिया ही कंपनी मुळात सॉफ्टवेअरचीच. जुन्या सिंथेसायझरांच्या संगणकीय प्रतिकृती करण्यात तिने नाव कमावले. २००३ साली तिने मूगच्या यंत्राची प्रतिकृती काढली तेव्हा खुद्द मूग यांची तिला संमती होती. पण २०१२ साली याच कंपनीने मिनीब्रूट नावाचा खराखुरा सिंथेसायझर बाजारात आणला आणि आज ती कीबोर्डही विकते व त्या कीबोर्डसोबत सॉफ्टवेअर देते. आणि यामाहासारख्या जुन्या, मातब्बर घराण्याने २००५ साली थेट स्टाइनबर्ग ही कंपनीच विकत घेतली. ज्याच्याकडे यंत्र होते त्याला सॉफ्टवेअर हवे झाले, ज्याच्याकडे सॉफ्टवेअर होते त्याला यंत्र.

आता पैशाचे बोलू. मिनीमूग हे वाद्य मूग कंपनीने २०१६ साली पुन्हा काढले तेव्हा त्याची किंमत सुमारे ३,५०० डॉलर होती. त्याचेच ॲप २०१८ साली आले, सुमारे १५ डॉलरला. एका यंत्राच्या विक्रीची बरोबरी करायला ॲपच्या २३० हून अधिक प्रती विकाव्या लागतात. वर ॲपल आपल्या बाजारपेठेतील विक्रीवर ३० टक्के दलाली घेते. लहान व्यावसायिकांना २०२१ पासून ती १५ टक्के झाली आहे. याच्या उलट बाजूही लिहिली पाहिजे. पुढच्या प्रतीला कच्चा माल लागत नाही, मजुरी लागत नाही, वाहतूक नाही, उधारी नाही. मार्च २०२० मध्ये करोनाने जग घरात बसले तेव्हा मूग आणि कोर्ग या दोघांनी आपले एकेक ॲप काही काळ विनामूल्य वाटले. यंत्र बनवणाऱ्याला असे औदार्य परवडले नसते. पण नुसते ॲप असल्याने घर तरते असेही नाही. मूग कंपनी जून २०२३ मध्ये इनम्युझिक या मोठ्या समूहाला विकली गेली आणि त्याच वर्षी तिच्या अ‍ॅशव्हिल येथील अनेक कर्मचाऱ्यांना काम गमवावे लागले.

दाजी म्हणाले होते, सॉफ्टवेअरची हमी कशी द्यायची? या प्रश्नावर मी सर्वांत जास्त विचार केला. आपल्या व्यवहारात माल दिला, पैसे आले, बिल फाडले, की ते खाते बहुतांशी बंद होते. पेटी बिघडली तर दुरुस्ती होते. पण बारा वर्षांपूर्वीची पेटी आजही खटका दाबला की वाजते. सॉफ्टवेअरचे खाते असे बंद होत नाही. ज्या संगणकावर किंवा फोनवर ते चालते, त्याचा मालक निराळा. त्याने आपले घर नव्याने बांधले की आपल्या खोलीच्या भिंती आपोआप पडतात. ॲपलने २०१७ साली आपल्या फोनसाठी आणि २०१९ साली आपल्या संगणकांसाठी जी नवी प्रणाली दिली, तिच्यात जुन्या, ३२-बिट धाटणीची ॲप आणि प्लगइन चालेनाशी झाली. ज्यांच्या निर्मात्यांनी ती नव्याने लिहिली ती वाचली. बाकीची, पैसे देऊन घेतलेली असूनही, एका दिवसात मुकी झाली. शिवाय चोरीच्या प्रती आहेतच. तेव्हा 'एकदा बनवा आणि जन्मभर विका' हा सॉफ्टवेअरविषयीचा समज खरा नाही. दर साल नूतनीकरणाचा खर्च आहे, आणि तो विक्री होवो न होवो, करावाच लागतो. शेअर बाजारातल्या लाभांशापेक्षा आंब्याच्या बागेशी त्याचे साम्य अधिक: फळ फुकट वाटते, पण राखण बारा महिन्यांची.

मात्र यंत्राचे खातेही वाटते तितके निर्धास्त नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधील नोबेओका येथे आसाही कासेई समूहाच्या कारखान्याला आग लागली. तेथे ध्वनियंत्रांना लागणाऱ्या चिपा बनत. त्या एका आगीने जगभरच्या वाद्य आणि ध्वनी कंपन्यांचा माल अडकला. काहींना आपली यंत्रे नव्या चिपांवर पुन्हा आखावी लागली. सॉफ्टवेअरवाला फोन-कंपनीच्या मर्जीवर जगतो, तसा यंत्रवाला चिप-कंपनीच्या. परावलंबन दोघांनाही सुटलेले नाही.

आता आपल्या घरच्या वाद्याकडे येतो. इलेक्ट्रॉनिक तानपुरा हे भारतीय डोक्याचे अपत्य. बंगळूरूचे अभियंता आणि बासरीवादक जी. राज नारायण यांनी १९७९ साली तो बनवला आणि त्यातून 'राडेल' ही कंपनी उभी राहिली. तेव्हाही अनेक गवयांनी नाके मुरडली होती, की पेटीतून कुठे तानपुरा वाजतो काय! तरी रियाजाला, शाळेला, खेड्यातल्या भजनाला ती पेटी पोहोचली. कारण चार तारांचा खरा तानपुरा प्रत्येकाला परवडत नाही, जुळवताही येत नाही आणि एसटीतून नेताही येत नाही. म्हणजे दाजींचा माल हाच मुळी एका जुन्या मालाची जागा घेणारा नवा माल होता. आज त्याच कारणांनी लोक फोनवरचे ॲप उघडतात. पेटीने तानपुऱ्याला जे म्हटले, तेच ॲप आता पेटीला म्हणत आहे. दाजींना हे सांगणे मला जड गेले, पण सांगितले.

तरी खरा तानपुरा संपला काय? सांगलीहून हाकेच्या अंतरावर मिरज आहे. तेथे पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भोपळ्यांतून आजही तानपुरे घडतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. या कारागिरांची कुळकथा आपल्या विषयाला फार जवळची आहे. त्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे, शस्त्रे घडवणारे. एकोणिसाव्या शतकात लढाया संपल्या, शस्त्रांची मागणी आटली, तेव्हा फरीदसाहेबांसारख्या शिकलगारांनी तंतुवाद्यांकडे मोर्चा वळवला. पोलादाचा हात लाकडावर बसवला. त्यांनी माल बदलला. बारकावा, नजर आणि हाताची शिस्त मात्र तीच ठेवली. दीडशे वर्षांहून अधिक काळ त्या निर्णयावर एक गल्ली जगते आहे.

येथे मला उत्तराचा माग लागला. कारखान्याचे भांडवल नेमके कशात आहे, हे आधी ठरवावे लागते. दाजींना ते पेटीत आहे असे वाटते, भाचीला संगणकाच्या ज्ञानात. मी कारखान्यात दोन दिवस बसलो. पेट्या जोडण्याचे काम कोणालाही शिकवता येईल. पण शेवटच्या टेबलावर बसणाऱ्या मावशी सव्वीस वर्षे एकच काम करतात: पेटी कानाशी धरायची आणि जवारी बरोबर बोलते का ते ऐकायचे. खर्ज घुमतो का, पंचमाचा झंकार कोरडा तर नाही, दोन आवर्तनांच्या मध्ये आवाज तुटतो का. त्यांनी बाजूला काढलेली पेटी यंत्राने मोजली तर निर्दोष ठरते आणि गवयाला दिली तर परत येते. कंपनीचे भांडवल तो कान आहे. कोर्गने जुन्या अभियंत्यांना पुन्हा का बोलावले, हे मला त्या टेबलापाशी समजले. भाचीने करून आणलेला ॲपचा पहिला नमुना मी त्या मावशींना ऐकवला. त्यांनी अर्ध्या मिनिटात सांगितले, "ताई, यात तार आहे, पण तिच्याखालचा दोरा नाही." जवारीवर तारेखाली सरकवतात तो सुताचा बारीक दोरा, ज्याने झंकार उमलतो, त्याविषयी त्या बोलत होत्या. भाची हसली नाही. तिने ते लिहून घेतले आणि पुढच्या आठवड्यात मिरजेला जाऊन दोन तानपुऱ्यांचे स्वर नव्याने ध्वनिमुद्रित करून आणले.

म्हणून माझा सल्ला असा झाला. सॉफ्टवेअरमध्ये जावे. न जाण्याने फक्त एवढेच होईल, की आपला आवाज दुसरा कोणी विकेल. परंतु जाताना तीन गोष्टी पाळाव्यात.

पहिली, दोन्ही धंद्यांच्या वह्या निराळ्या ठेवाव्यात. पेटीच्या नफ्यातून ॲपला किती द्यायचे आणि किती वर्षे, हा आकडा आधी लिहून ठेवावा. आशेला मर्यादा नसते, भांडवलाला असते. ॲपच्या वहीत नूतनीकरणाची रक्कम दरवर्षी पहिल्या दिवशी बाजूला काढावी; उरेल तो नफा.

दुसरी, पेटी बंद करू नये, तिचे काम ओळखावे. फोनवरचे ॲप रियाजाला, ध्वनिमुद्रणाला, प्रवासाला उत्तम. पण मैफलीत आलाप रंगात आला असताना फोन वाजतो. देवळातल्या भजनी मंडळातील सत्तरीच्या आजोबांना पडद्यावर बोट सरकवून स्वर लावणे नको असते. त्यांना एक खटका हवा असतो, जो डोळे मिटूनही सापडेल. ज्याला हातच लावायचा आहे त्याच्यासाठी पेटी अधिक चांगली करावी, आणि तिच्या खोक्यात ॲपची किल्ली सोबत द्यावी. ज्याने पेटी घेतली त्याला ॲप मिळेल, ज्याने ॲप घेतले त्याला कधीतरी पेटीची इच्छा होईल.

तिसरी गोष्ट मी सर्वांत शेवटी सांगितली, पण माझ्या मते ती पहिली आहे. नव्या धंद्याची माणसे जुन्या माणसांतून जेवढी घेता येतील तेवढी घ्यावीत. आठही जणींना संगणक शिकवणे शक्य नाही, हे मला मान्य आहे. पण प्रत्येक नवा आवाज बाजारात जाण्यापूर्वी शेवटच्या टेबलावर जावा, आणि त्या टेबलाची 'होय' मिळाल्याशिवाय तो विकू नये. त्या कामाचा पगार ॲपच्या वहीतून द्यावा.

दाजींनी पहिल्या दोन गोष्टी मान्य केल्या. तिसरीवर ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मग त्यांचा पगार वाढवावा लागेल." भाची म्हणाली, "बाबा, मी तेच म्हणत होते." दोन वर्षांची मुदत ठरली आहे, तोवर डाखेची टेबले जागची हलणार नाहीत. मुदतीनंतर सगळ्याच टेबलांना काम राहील, असे वचन मला देता आले नाही आणि दाजींनीही दिले नाही. जे देता येणार नाही ते वचन न देणे, एवढा सरळपणा आम्ही पाळला.

राहिला माझ्या दुकानाचा प्रश्न. पेटीवरचे माझे कमिशन हळूहळू घटेल, हे दिसतेच आहे. मुलगा म्हणतो, दुकानाच्या मागच्या खोलीत ध्वनिमुद्रणाची छोटी सोय करू, लोकांना ही सॉफ्टवेअरची वाद्ये वाजवायला शिकवू आणि त्यांना लागणारे कीबोर्ड विकू. मी त्याला आकडे मांडून आणायला सांगितले आहे, आणि वही नवी काढायला.